परदेशातील व्यवस्थापन अभ्यासक्रम : वाचकांचे प्रश्न

परदेशी विद्यापीठांतील एमबीए आणि व्यवस्थापनाच्या इतर पदव्युत्तर अभ्यासक्रमांविषयी सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून बरीच पत्रे साठली होती. त्यांतील काही निवडून या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वडिलांचे मार्केट यार्डात हळदीचे अडत दुकान आहे आणि पुढे हळदीच्या निर्यातीत उतरण्याचा माझा विचार आहे. सल्लागारांनी इंग्लंडमधील दोन विद्यापीठांची पत्रके दिली. एकात ‘एमएससी इंटरनॅशनल बिझनेस’ आहे आणि दुसऱ्यात एमबीए. घरात सर्वांचे म्हणणे असे की एमबीएला वजन जास्त. कोणता अभ्यासक्रम घ्यावा? — एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : एमबीए हा अभ्यासक्रम मुळात काही वर्षे नोकरी किंवा धंदा केलेल्या माणसासाठी आखलेला असतो, कारण तेथील शिकवण्याची पद्धत वर्गातील प्रत्येकाने आपल्या कामातला अनुभव चर्चेत आणावा या अपेक्षेवर उभी असते. ब्रिटनमधील नावाजलेली बिझनेस स्कूल म्हणूनच साधारण तीन वर्षांच्या कामाच्या अनुभवाची अट घालतात आणि एमबीएला मान्यता देणारी लंडनची ‘एएमबीए’ ही संस्थाही तोच निकष लावते. पदवी हातात पडताच एमबीएला प्रवेश देण्यास एखादे विद्यापीठ तयार असेल, तर त्याच्या वर्गात आपल्या शेजारी कोण बसणार आहे हे आपणच ओळखावे : आपल्यासारखाच आणखी एक नवा पदवीधर. अनुभव नसलेल्यांसाठी ‘एमएससी मॅनेजमेंट’ आणि त्याच्या जातकुळीतील अभ्यासक्रम असतात आणि आपल्या आजच्या स्थितीत तेच प्रामाणिक ठरतात. तेव्हा घरच्यांनी सांगितलेले वजन खरे असले, तरी ते आपल्याला मिळू पाहणाऱ्या एमबीएचे नव्हे.

आपण पाठवलेली दोन्ही पत्रके मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवून वाचली. दोन्हींच्या पहिल्या पानावर नदी, घड्याळाचा मनोरा आणि हसरे विद्यार्थी आहेत, तर विषयांची यादी शेवटून दुसऱ्या पानावर बारीक टाइपात आहे. एमएससीच्या यादीत आठ विषय आहेत. त्यांपैकी विपणन, संघटनवर्तन आणि आर्थिक हिशेबांची तोंडओळख हे तीन आपण बी.कॉम.ला शिकून बसला आहात. पुरवठा साखळीचा, म्हणजे सप्लाय चेनचा, विषय एकच आहे. तोही ऐच्छिक असून पुरेसे विद्यार्थी आले तरच शिकवला जाईल अशी तळटीप त्याला जोडलेली आहे. ज्या विषयासाठी आपण सातासमुद्रापार जाऊ पाहता, तो असा तळटिपेत लटकलेला आहे. ब्रिटनमधील एक वर्षाची पदव्युत्तर पदवी १८० क्रेडिटची असते आणि त्यांतील बहुधा ६० क्रेडिट प्रबंधाला किंवा एखाद्या कंपनीसाठी करायच्या प्रकल्पाला असतात. हा एकतृतीयांश भाग कोणाच्या मार्गदर्शनाखाली आणि कोणत्या विषयावर करता येईल, हे विद्यापीठाला ई-मेलने विचारावे. उत्तर किती दिवसांत आणि किती नेमके येते, यावरूनही पुष्कळ कळते.

हळदीच्या निर्यातीसाठी मसाले मंडळाकडे निर्यातदार म्हणून नोंदणी करावी लागते. युरोपातील खरेदीदार कीटकनाशकांच्या अवशेषांची तपासणी मागतात, आणि सौद्यातील दर व जहाजाचे भाडे यांचा मेळ प्रत्येक खेपेला नव्याने घालावा लागतो. यातील पहिली गोष्ट कोणत्याही इंग्रजी विद्यापीठात शिकवत नाहीत. दुसरी आणि तिसरी शिकायची असेल, तर ‘इंटरनॅशनल बिझनेस’ या ऐसपैस नावापेक्षा पुरवठा साखळी किंवा अन्न उद्योग व्यवस्थापन या नावाचे अभ्यासक्रम शोधावेत. माझे स्वतःचे मत विचाराल, तर सांगलीतच एखाद्या मसाला निर्यातदाराच्या कचेरीत दोन वर्षे काम करावे आणि मग अर्ज करावा. दोन वर्षांनी आपण विषयांची यादी आजच्यापेक्षा वेगळ्या डोळ्यांनी वाचाल.

शिक्षण संपल्यावर तेथे राहण्याविषयीही आपण विचारले आहे. ‘ग्रॅज्युएट रूट’ या परवान्याखाली आजवर दोन वर्षे मिळत होती. १ जानेवारी २०२७ पासून या परवान्यासाठी अर्ज करणाऱ्या पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांना १८ महिनेच मिळतील. त्यानंतर राहायचे, तर प्रायोजक होण्यास तयार असलेली कंपनी लागते. जुलै २०२५ च्या नियमांनुसार नव्याने नोकरीस लागणाऱ्यांसाठीही वार्षिक पगार किमान ३३,४०० पौंड असावा लागतो. आपल्याला परत येऊन यार्डातच उभे राहायचे असल्याने या आकड्याची धास्ती आपल्याला कमी आहे. मात्र कर्जाचा हिशेब तेथील पगारावर मांडू नये.

प्रश्न : मुलीला लीड्स येथे ‘एमएससी मॅनेजमेंट’साठी प्रवेश मिळत आहे. आमची साडेचार एकर द्राक्षबाग आहे, शिवाय सांगलीत गुंठेवारीत बांधलेले घर आहे. बँक दोन्ही तारण घेण्यास कां कू करते. बेदाण्याचे पैसे थोरल्या भावाच्या खात्यावर आहेत, ते दाखवले तर चालतील का? — एक पालक, तासगाव तालुका

उत्तर : बँकेचे कर्मचारी आडमुठेपणा करीत आहेत असे आपल्याला वाटते, पण त्यांची अडचण कायद्यातील आहे. थकीत कर्जासाठी न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना ज्या सरफेसी कायद्याने मिळतो, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. त्यामुळे बागायती जमिनीला बाजारात कितीही भाव असला, तरी शैक्षणिक कर्जाच्या तारणासाठी बँका ती सहसा स्वीकारत नाहीत. त्यातच आपल्या सात-बाऱ्याच्या प्रतीवर सात नावे आहेत. आत्यांची नावे वारस नोंदीने लागलेली दिसतात आणि खातेफोड झालेली नाही. अशा उताऱ्यावर वकिलाचा शोध अहवाल स्वच्छ येणे अवघडच.

गुंठेवारीच्या घराची गोष्ट निराळी आहे. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली महापालिकेकडून नियमितीकरणाचा दाखला मिळालेला असेल, बांधकामाची परवानगी असेल आणि खरेदीपत्र नोंदणीकृत असेल, तर ते घर तारण घेण्याचा विचार बँक करू शकते. गुंठ्याची खरेदी नोटरी केलेल्या कागदावर झाली असेल, तर मात्र कोणतीही बँक त्याला हात लावणार नाही. नियमितीकरणाचे काम सुरू केले असल्यास ते पूर्ण होईपर्यंत मुदत ठेव, विमा पॉलिसी किंवा बिगरशेती दाखल्याचा फ्लॅट यांपैकी काही घरात आहे का, ते पाहावे. बँक संघटनेच्या आदर्श योजनेनुसार साडेसात लाखांपर्यंत तारणाची अट नसते. परदेशी शिक्षणाचा खर्च त्या मर्यादेत कधीच बसत नाही, हा भाग वेगळा.

भावाच्या खात्यावरील पैशांबाबत उत्तर स्पष्टपणे ‘चालणार नाहीत’ असे आहे. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी पैसे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या किंवा आई-वडिलांच्या खात्यावर असावे लागतात. चुलते, मामा, आजोबा यांची खाती धरली जात नाहीत. एकत्र कुटुंबात पैसा कोणाच्या नावावर आहे याला आपण फारसे महत्त्व देत नाही, पण तेथील अधिकारी केवळ नावच पाहतो. ती रक्कम आपल्या किंवा मुलीच्या खात्यावर आणावी आणि सलग २८ दिवस तेथून हलवू नये. त्या २८ दिवसांत शिल्लक एका दिवसासाठी जरी कमी पडली, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. छाटणीची मजुरी, औषधांची बिले त्या काळात दुसऱ्या खात्यातून भागवावीत. नोव्हेंबर २०२५ पासूनच्या नियमानुसार लंडनबाहेरील विद्यापीठासाठी राहण्या-जेवणाचे दरमहा १,१७१ पौंड याप्रमाणे नऊ महिन्यांचे १०,५३९ पौंड दाखवावे लागतात. पहिल्या वर्षाच्या शुल्कातील भरायची राहिलेली रक्कम त्याशिवाय. बँकेने मुलीच्या नावे कर्ज मंजूर केले, तर मंजुरीपत्रही याच कामी येते.

आता हप्त्याचा हिशेब. समजा, ३० लाख रुपये १० टक्के दराने घेतले. अभ्यासक्रमाचे एक वर्ष आणि त्यानंतरची एक वर्षाची सवलत धरली, तर या दोन वर्षांत हप्ता नसतो, पण व्याज चालूच असते. ते ढोबळ मानाने दरमहा २५ हजार रुपये होते. ते दरमहा भरत गेल्यास दोन वर्षांनी मुद्दल ३० लाखच राहते आणि दहा वर्षांच्या मुदतीचा हप्ता सुमारे ३९,६०० रुपये बसतो. न भरल्यास मुद्दल ३६ लाखांच्या घरात जाऊन तोच हप्ता सुमारे ४७,५०० होतो. द्राक्षाचे पैसे वर्षातून एकदाच हाती येतात, म्हणून व्याज दरमहा भरण्याऐवजी हंगामात एकरकमी भरण्याची मुभा बँकेकडून लेखी मागून घ्यावी. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या कर्जातून परदेशी पाठवलेल्या शुल्कावर १ एप्रिल २०२५ पासून उद्गम करसंकलन (टीसीएस), म्हणजे पैसे पाठवतानाच बँकेने वसूल करायचा कर, होत नाही. स्वतःच्या पैशातून पाठवताना एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या पुढील रकमेवर ते होते. ते पैसे बुडत नाहीत, विवरणपत्र भरून परत मिळवता येतात, पण शुल्क भरण्याच्या ऐन घाईत तेवढी जादा रोकड हाताशी असावी लागते.

प्रश्न : जीमॅट या व्यवस्थापनाच्या प्रवेश परीक्षेत मला ६४५ गुण मिळाले. आतेभाऊ सांगतो की ७०० च्या खाली कोणी विचारत नाही. पुन्हा द्यावी का? — एक विद्यार्थिनी, वाई

उत्तर : आतेभावाने परीक्षा दिली तेव्हा मोजपट्टी २०० ते ८०० अशी होती. नोव्हेंबर २०२३ पासून सुरू झालेल्या नव्या परीक्षेत ती २०५ ते ८०५ अशी आहे आणि गुणांचा शेवटचा अंक नेहमी पाच असतो. नव्या मोजपट्टीवरील ६४५ हे परीक्षार्थींमधील स्थान पाहता जुन्या ७०० च्या जवळपास बसतात. गुण पाच वर्षे ग्राह्य असतात. पुन्हा परीक्षा देण्याचे कारण दिसत नाही. तो वेळ अर्जासोबतच्या निबंधांना द्यावा.

प्रश्न : मुलगा बी.बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. जर्मनीत शिक्षण फुकट असते असे ऐकले. नव्या शैक्षणिक धोरणातील चौथे वर्ष करून जावे की तिसऱ्यानंतरच? — एक पालक, विटा

उत्तर : जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षण शुल्क घेत नाहीत हे खरे आहे, पण त्यात व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला लागू पडणारे दोन-तीन अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १,५०० युरो घेतले जातात आणि व्यवस्थापनासाठी सर्वाधिक नाव असलेले मानहाइम विद्यापीठ नेमके त्याच राज्यात आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून शुल्क सुरू केले. शिवाय जर्मनीतील एमबीए हे सरकारी विद्यापीठात असले तरी बहुधा सशुल्कच असते. शुल्कमाफी लाभते ती पदवीच्या विषयालाच पुढे नेणाऱ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना.

आणि तेथेच खरी चाळणी लागते. जर्मन विद्यापीठे पदवीचे नाव पाहत नाहीत, गुणपत्रिकेतील एकेक विषय मोजतात. अर्थशास्त्राची इतकी, संख्याशास्त्र व गणिताची इतकी, व्यवसाय प्रशासनाची इतकी क्रेडिट अशी प्रत्येक अभ्यासक्रमाची अट असते आणि आपल्याकडील बी.बी.ए. गणित-संख्याशास्त्रात बहुतेकदा उणे पडते. म्हणून चौथ्या वर्षाचा निर्णय असा घ्यावा : ज्या चार-पाच अभ्यासक्रमांना अर्ज करायचा आहे त्यांच्या अटी समोर ठेवून मुलाच्या सहाही सत्रांचे विषय त्यांत बसवून पाहावेत. बसत असतील, तर चौथ्या वर्षावर वेळ घालवू नये. उणीव संख्याशास्त्राची असेल आणि चौथ्या वर्षात तो विषय खरोखर शिकवला जाणार असेल, तर ते वर्ष करावे. महाविद्यालय चौथ्या वर्षात काय शिकवणार, हे प्राचार्यांकडून लेखी घ्यावे.

भारतीय अर्जदारांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएसचे, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे तपासणाऱ्या जर्मन केंद्राचे, प्रमाणपत्र सक्तीचे आहे. त्याचे शुल्क १८ हजार रुपये असून त्याला वेळ लागतो, तेव्हा विद्यापीठाकडील गुणपत्रिका आणि ट्रान्स्क्रिप्ट आधीच काढून ठेवाव्यात. व्हिसासाठी गोठवलेल्या खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात. ही रक्कम दरमहा ९९२ युरोप्रमाणे विद्यार्थ्याला परत मिळते, म्हणजे ती फी नव्हे, त्याच्याच जेवणाखाण्याचे पैसे. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिने मिळतात. संगणक अभियंत्याला इंग्रजीवर नोकरी मिळू शकते. पण हिशेब, विक्री, मनुष्यबळ या कामांत माणसांशी आणि कागदांशी जर्मनमध्येच बोलावे लागते. मुलाने आजपासून जर्मन शिकायला सुरुवात केली नाही, तर ‘फुकट’ पदवी फार महाग पडेल.

प्रश्न : मी यांत्रिकी अभियंता असून कुपवाड एमआयडीसीतील फाउंड्रीत चार वर्षे उत्पादन विभाग पाहतो. अमेरिकेत एमबीए करावे असे वाटते. ‘स्टेम एमबीए’ म्हणजे नेमके काय? — एक वाचक, मिरज

उत्तर : एमबीएची कल्पना ज्यांच्यासाठी आहे, ते आपण. अमेरिकेतील पदवीनंतर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर १२ महिने काम करता येते आणि अभ्यासक्रम तेथील गृहसुरक्षा विभागाच्या विज्ञान-तंत्रज्ञान, म्हणजेच ‘स्टेम’, यादीत असल्यास आणखी २४ महिने मिळतात. मात्र त्यासाठी नोकरी देणारी कंपनी ई-व्हेरिफाय या सरकारी प्रणालीत नोंदलेली असावी लागते. यादीत आहे की नाही हे नावावरून ठरत नाही, सहा अंकी संकेतांकावरून ठरते. सर्वसाधारण व्यवसाय प्रशासनाचा ५२.०२०१ हा संकेतांक यादीत नाही, तर व्यवस्थापनशास्त्राचा ५२.१३०१ आहे. प्रवेशानंतर विद्यापीठ जो आय-२० नावाचा कागद पाठवते, त्याच्या पहिल्या पानावर हा आकडा छापलेला असतो. पण तोवर थांबू नये, शुल्काची पहिली रक्कम भरण्यापूर्वीच तो विचारून घ्यावा. एकाच बिझनेस स्कूलमध्ये एमबीएची एक शाखा यादीत आणि दुसरी यादीबाहेर, असेही असते.

त्यापुढील एच-१बी या नोकरीच्या व्हिसाला वर्षाला ८५ हजारांची मर्यादा आहे, आणि सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने देशाबाहेरील माणसासाठी केल्या जाणाऱ्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार लावला. दोन वर्षांच्या एमबीएचा खर्च तीन वर्षांच्या तेथील कमाईत फिटतो का, एवढाच हिशेब मांडावा. त्यापुढचे जमेस धरू नये. ओतकाम आणि उत्पादन यांतच पुढे जायचे असेल, तर इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग किंवा इंजिनिअरिंग मॅनेजमेंटमधील एम.एस. निम्म्या-पाऊण खर्चात होते का, तेही पाहावे. फाउंड्रीच्या मालकाला त्यातले जास्त कळेल.

प्रश्न : राज्य सरकारची परदेश शिष्यवृत्ती व्यवस्थापनाला मिळते का? — एक विद्यार्थी, जत

उत्तर : अनुसूचित जातींसाठी सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, तर मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची. दोन्हींत कौटुंबिक उत्पन्नाची आणि विद्यापीठाच्या क्यूएस जागतिक क्रमवारीतील स्थानाची अट असते. अटी आणि शाखानिहाय जागा वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरातच प्रमाण मानावी. क्रमवारीबाहेरच्या विद्यापीठाचे प्रवेशपत्र येथे निरुपयोगी असते आणि सल्लागार सुचवतात ती विद्यापीठे बहुतेक वेळा अशीच असतात, कारण विद्यार्थ्यामागे विद्यापीठाकडून मिळणाऱ्या कमिशनवर त्यांची ‘मोफत’ सेवा चालते. जाता जाता : ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत ज्यांचे नाव दाखल झाले, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर, आणि तेथे त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता.

प्रश्न : रयतच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेतून माझे वडील शिकले. मुलगा म्हणतो, इंग्लंडमध्येही तसेच काम करून फी भागवीन. हे शक्य आहे का? — एक आई, सातारा

उत्तर : कर्मवीर अण्णांच्या योजनेत काम संस्थाच देत असे आणि शिक्षणाचा खर्च त्या कामाच्या आवाक्यातला होता. इंग्लंडमध्ये या दोन्ही गोष्टी नाहीत. सत्र चालू असताना विद्यार्थ्याला आठवड्याला २० तासच काम करता येते, स्वतःचा धंदा करता येत नाही, आणि काम शोधायचे ते त्यानेच. एप्रिल २०२५ मध्ये २१ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या कामगाराचे किमान वेतन ताशी १२.२१ पौंड झाले. त्या दराने पूर्ण २० तास मिळाले, तरी आठवड्याला २४४ पौंड होतात. त्यात खोलीचे भाडे, भाजीपाला आणि बसचा पास निघेल. व्हिसाच्या अर्जात ही होणारी कमाई धरली जात नाही, आणि शुल्काचा मोठा हिस्सा तर पहिल्या पगाराच्या आधीच भरायचा असतो. मुलाला त्याच्या विद्यापीठाचे शुल्क भरण्याचे वेळापत्रक कागदावर लिहायला सांगावे, आणि प्रत्येक तारखेपुढे त्या दिवशी पैसे कोठून येणार हेही त्यालाच लिहू द्यावे.